हाडांची मेखला

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस शांती नगर ही वसाहत पसरलेली आहे. सेक्टरांच्या आकड्यांनीं ओळखल्या जाणाऱ्या तिच्या गल्ल्यांतून सकाळीं सात-साडेसातच्या सुमारास माणसांचा जो लोंढा बाहेर पडतो, तो बहुतेक सारा स्थानकाकडे वळतो. कोणी तीन-चार जिने उतरून आलेला असतो, कोणाच्या खांद्यास जड पिशवी असते, एखाद्या बाईच्या कडेवर पाळणाघरांत सोडावयाचें मूल असतें. गाडींत पाऊल टाकल्यावर यांतील पुष्कळांच्या नशिबीं चर्चगेटपर्यंतचा सारा प्रवास उभ्यानेंच लिहिलेला असतो. या खटाटोपांत पाय दुखतात, पाठ धरते, आणि त्यांच्याविषयींच्या तक्रारी घरोघर ऐकूं येतात. परंतु पाठीवरचा भार पायांकडे पोंचविणारा जो मधला दुवा, त्याचें नांव क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. तो दुवा म्हणजे श्रोणि. कमरेच्या खालीं बसविलेलें हाडांचें एक कडें. शारीरशास्त्रज्ञांनीं त्यास मेखलेची उपमा दिली आहे, आणि ती उपमा शोभेची नसून वर्णनाची आहे.

पंढरीच्या विठोबाचे हात जेथें टेकलेले आहेत, तेथें श्रोत्यांनीं आपले हात टेकून पाहावे. बोटांखालीं एक कठीण, वक्र धार लागेल. ती श्रोणिफलक नांवाच्या रुंद हाडाची वरची कड होय. कडेवर घेतलेलें मूल टेकतें तें याच धारेवर. मराठींत त्या जागेला ‘कड’ म्हणतात, हें किती समर्पक आहे! दोन्ही बाजूंच्या या धारांचे सर्वांत उंच बिंदु पाठीमागून एका रेषेनें जोडले, तर ती रेषा कण्याच्या कमरेंतील चौथ्या मणक्यावरून जाते. शस्त्रक्रियेपूर्वी कण्यांत सुई घालून खालचें शरीर बधिर करणारा वैद्य प्रथम बोटांनीं हीच रेषा शोधतो, आणि मग सुईची जागा ठरवितो.

खुर्चीवर ताठ बसून हात बैठकीखालीं सरकविले, तर दोन बोथट उंचवटे हाताला लागतात. हीं आसनास्थींचीं टोकें. माणूस बसतो तो वस्तुतः यांच्यावर. वरचें मांस ही केवळ गादी. रेल्वेच्या डब्यांत तिघांच्या बाकावर कडेला टेकणारा जो चौथा उतारू असतो, त्याच्या वांट्यास बहुधा यांपैकीं एकाच उंचवट्यापुरती जागा येते. दुसरा अधांतरीं राहतो, आणि कणा त्या बाजूस वांकून तोल सांवरतो. बोरिवली येईपर्यंत त्याची कंबर एका बाजूनेंच कां भरून येते, याचें उत्तर इतकें सरळ आहे.

तिसरें हाड पुढचें. ओटीपोटाच्या अगदीं खालच्या टोकास जें कठीण लागतें, तें जघनास्थि. श्रोणिफलक, आसनास्थि आणि जघनास्थि हीं तिन्ही लहान मुलांत निराळीं असतात. तीं जेथें एकत्र येतात, तेथें मांडीच्या हाडाचा वाटोळा गोळा बसावयाची उखळी आहे. तिच्या तळाशीं तीन फाट्यांची कूर्चा असते, आणि वयाच्या सुमारें पंधराव्या-सोळाव्या वर्षीं ती हाडांत रूपांतरित होऊन तिघांचें एक हाड बनतें. असें एक उजवीकडे व एक डावीकडे. मागील बाजूस या दोहोंच्या मध्यें पाचरीसारखी त्रिकास्थि बसते. तीही मुळांत एक नव्हे. पांच मणके सांधून ती झालेली असते. तिच्या शेंड्याला माकडहाड. तें बहुधा चार लहान मणक्यांचें असतें, कांहींत तीन, कांहींत पांच. जिन्यावरून घसरून बसकण मारणाऱ्याला त्याचें अस्तित्व कोणी शिकवावें लागत नाहीं.

हाडें मोजण्याची ही हौस नवी नाहीं. सुश्रुतानें शरीरांत तीनशें हाडें सांगितलीं, चरकानें तीनशें साठ, आणि आजचें शास्त्र प्रौढ माणसाचीं २०६ मानतें. हा फरक पाहून कोणी प्राचीनांस हंसतात, तर कोणी आजचा आकडाच चुकीचा ठरवूं पाहतात. दोन्ही पक्ष उतावीळ आहेत. सुश्रुताच्या गणनेंत दांतांचा व कूर्चांचाही समावेश आहे, हें ध्यानांत घेतलें कीं बरेंचसें अंतर तेथेंच मिटतें. १९०७ मध्यें रुडॉल्फ हर्न्ले या पंडितानें प्राचीन भारतीयांच्या अस्थिज्ञानावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहून या याद्यांची बारकाईनें छाननी केली. श्रोणींत सुश्रुत पांच हाडें धरतो. प्रेत गवतांत गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें, आणि मग कुंच्यानें हळूहळू थर काढीत आंतील रचना पाहावी, अशी त्यानें सांगितलेली रीत आहे. ज्या समाजांत प्रेतस्पर्श विटाळाचा, तेथें हा उपदेश करण्यास धैर्य लागलें असलें पाहिजे. मुंबईंत १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, तेव्हां विद्यार्थ्यांना तें धैर्य नव्यानें गोळा करावें लागलें.

परंतु नुसतीं हाडें मोजून श्रोणि समजत नाहीं. सुट्या हाडांचा हा संच टेबलावर मांडला, तर तो आपल्या आपण उभा राहत नाहीं, गळून पडतो. त्याला कड्याचें रूप देतात ते बंध, म्हणजे हाडास हाड बांधणाऱ्या चिवट तंतूंचे पट्टे. श्रोणीचा खरा इतिहास या बंधांचा आहे.

धड, डोकें व हात मिळून शरीराच्या वजनाचा बहुतांश भाग होतो. हा सारा भार कण्यावाटे त्रिकास्थीच्या माथ्यावर येतो. पुष्कळ पुस्तकांत त्रिकास्थीला कमानीच्या माथ्यावरील किल्लीच्या दगडाची उपमा दिलेली आढळते. उपमा सुबक आहे, पण अपुरी आहे. कमानीचा दगड वर रुंद व खालीं निमुळता असतो, म्हणून भार पडला कीं तो अधिकच घट्ट रुततो. त्रिकास्थि मात्र पुढच्या अंगास रुंद व मागच्या अंगास अरुंद आहे, आणि ती तिरपी बसलेली आहे. तेव्हां भार पडला कीं तिची प्रवृत्ति पुढें व खालीं, श्रोणीच्या पोकळींत घसरण्याची. तिला अडविणारें हाड तेथें नाहीं. मागील बाजूस, त्रिकास्थि आणि श्रोणिफलक यांच्यामधील खडबडीत फटींत, आंखूड व जाड तंतूंचा जो दाट गुंता भरलेला आहे, तो तिला मागें धरून ठेवतो. शरीरांतील अत्यंत बळकट बंधांत त्याची गणना होते. कोंकणांतील माजघराचा झोपाळा जसा कड्यांवर लोंबतो, तशी ही त्रिकास्थि दोन फलकांमध्यें टांगलेली आहे असें म्हटल्यास सत्याच्या अधिक जवळ जातां येईल. झोपाळ्यावर माणसें जितकीं अधिक बसतील, तितक्या कड्या ताणतात. येथें तर त्या ताणाबरोबर दोन्ही फलक त्रिकास्थीवर आणखी घट्ट दाबले जातात.

एवढ्यानें भागत नाहीं. वरचें टोक भारानें खालीं दबलें, कीं खालचें टोक, माकडहाडाकडचें, वर उसळूं पाहतें. ढेंकळीचा एक हात खालीं गेला कीं दुसरा वर जातो तसें. म्हणून निसर्गानें त्रिकास्थीच्या खालच्या कडेपासून दोन पट्टे पुढें नेले आहेत. एक लांब व रुंद, तो बसण्याच्या उंचवट्यास जाऊन मिळतो. दुसरा आंखूड, तो आसनास्थीच्या आंतील कांट्यास चिकटतो. या दोघांनीं खालचें टोक जागच्या जागीं दाबून धरलेलें असतें. परिणामीं त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंचे सांधे सांधे असूनही अगदीं थोडेच, कांहीं अंशांपुरतेच हलतात. पाऊल टाकतांना जो धक्का टांचेपासून वर येतो, त्याला किंचित् लवचिकपणा मिळावा, एवढाच त्या हालचालीचा हेतु दिसतो.

पुढच्या बाजूस दोन जघनास्थि समोरासमोर येतात. त्यांच्यामध्यें चिवट कूर्चेची एक चकती असून वरून व खालून तिला बंधांची शिवण आहे. प्रौढांत ही फट चार-पांच मिलिमीटरांची. कड्याचा हा कडीकोयंडा म्हणावयास हरकत नाहीं.

उभे राहण्याविषयीं एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. श्रोणिफलकाच्या पुढील अंगापासून निघून उखळीच्या सांध्यावरून मांडीच्या हाडावर उतरणारा, उलट्या ‘वाय’ या इंग्रजी अक्षराच्या आकाराचा एक बंध आहे. बोस्टनचे शस्त्रवैद्य हेन्री जेकब बिगेलो यांनीं १८६९ मध्यें त्याचें महत्त्व सिद्ध केलें, म्हणून त्यांचें नांव त्यास मिळालें. शरीरांतील सर्वांत बळकट बंध म्हणून तो प्रसिद्ध आहे. माणूस सैल उभा असतां त्याच्या धडाचा भार उखळीच्या किंचित् मागें पडतो, धड मागें कलंडूं पाहतें, आणि हा बंध ताणला जाऊन तें कलंडणें थोपवितो. स्नायूंना त्यासाठीं फारसें खर्ची पडावें लागत नाहीं. दहिसरपासून दादरपर्यंत वरची कडी धरून उभा असलेला, अर्धवट डुलक्या घेणारा उतारू आपल्या पायांच्या बळावर उभा आहे असें समजतो. पुष्कळ अंशीं तो या बंधावर रेललेला असतो.

आतां स्त्रीच्या श्रोणीकडे वळलें पाहिजे, कारण येथें हाडांचा प्रश्न जीवितमरणाचा होतो. पुरुषाची श्रोणि उंच, जड व अरुंद. स्त्रीची उथळ, हलकी व रुंद. पुढें जघनास्थींच्या खालीं जो कोन होतो, तो पुरुषांत ५० ते ६० अंशांचा, स्त्रींत ८० ते ९० अंशांचा किंवा त्याहूनही अधिक. केवळ हाडांवरून मृत व्यक्ति स्त्री कीं पुरुष हें ठरविण्याची वेळ न्यायवैद्यकाच्या तज्ज्ञावर आली, तर तो सर्वांत अधिक भरंवसा याच हाडांवर ठेवतो. १९३३ मध्यें कॉल्डवेल व मोलॉय यांनीं स्त्रियांच्या श्रोणीचे चार आकार वर्णिले. प्रत्यक्षांत मात्र बहुतेक स्त्रियांची श्रोणि या आकारांचें कमी-अधिक मिश्रण असते.

श्रोणीच्या वरच्या दाराची रुंदी आडवी सुमारें १३ सेंटिमीटर, पुढून मागें सुमारें ११. खालच्या दाराशीं हें प्रमाण उलटें: आडवें कमी, पुढून मागें अधिक. बाळाचें डोकें, नीट वांकलेलें असल्यास, ज्या रुंदीनें पुढें सरकतें ती साडेनऊ सेंटिमीटरांच्या आसपास. म्हणजे वाट आहे, पण ऐसपैस नाहीं. आणि वर आडवें शिरलेल्या डोक्याला मध्येंच पाव वळसा घेऊन उभें व्हावें लागतें. अरुंद बोळांतून पलंग बाहेर काढतांना तो वळवावा लागतो, तसा हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें पलंग स्वतःच वळतो. वाटेंतील सर्वांत अरुंद जागा आसनास्थींच्या दोन आंतल्या कांट्यांमधली. डॉक्टर किंवा प्रसाविका तपासतांना डोकें ‘किती खालीं आलें’ असें जें सांगते, तें या कांट्यांच्या रेषेपासून मोजलेलें असतें. पूर्वी हीं मापें क्ष-किरणांनीं आधींच घेऊन भाकीत करण्याचा परिपाठ होता. आतां तो मागें पडला आहे. कळांच्या जोरानें डोकें आकार बदलतें, सांधे किंचित् सैल होतात, आणि कागदावर अशक्य वाटलेली प्रसूति पुष्कळदां सुखरूप पार पडते.

हा सैलपणा येतो कोठून? १९२६ मध्यें फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञानें गिनिपिगांवर प्रयोग करून दाखविलें, कीं गर्भिणीच्या रक्तांत असा एक द्रव असतो कीं ज्यामुळें जघनास्थींमधील बंध मऊ पडतो. त्यास रिलॅक्सिन हें नांव मिळालें. गिनिपिगांत ही फट आश्चर्य वाटावें इतकी उघडते. स्त्रीमध्यें ती दोन-तीन मिलिमीटरच वाढते. पण एवढ्याशा वाढीनेंही कांहीं गर्भिणींना पुढच्या सांध्यांत व पाठीमागें तीव्र वेदना होतात. कुशीवर वळतां येत नाहीं, एका पायावर उभें राहून साडीचा काठ सारखा करतां येत नाहीं, जिना तर डोंगर वाटतो. शांती नगरांतील ज्या जुन्या इमारतींत उद्वाहक नाहीं, तेथें चौथ्या मजल्यावरील गर्भिणीला दिवसांतून दोनदां हा डोंगर चढावा लागतो. घरांतील वडीलधाऱ्या बायका अशा वेळीं ‘आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें’ असें म्हणून मोकळ्या होतात. त्यांच्या वेळींही तें होतें; तक्रार करण्याची सोय मात्र नव्हती. वळतांना दोन्ही गुडघे जुळवून वळणें, जिना एकेक पायरीनें चढणें, कडेवर मूल न घेणें, कपडे बसून चढविणें, आणि वेदना वाढल्यास डॉक्टरास सांगणें, इतक्या साध्या गोष्टींनीं पुष्कळ आराम पडतो.

श्रोणीची वाढ फार सावकाश होते. मुलीची उंची वाढावयाची जवळ जवळ थांबल्यानंतरही तिच्या श्रोणीची रुंदी कांहीं वर्षें वाढत असते. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षींचें मातृत्व म्हणजे अर्धवट बांधलेल्या पुलावरून गाडी नेणें होय. मीरा रोड ज्या ठाणें जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षीं मुलगा झाला व तो अवघे दहा दिवस जगला. त्या मृत्यूचा दोष श्रोणीवर टाकण्यास आधार नाहीं. पण त्या दहा दिवसांनींच त्यांना वैद्यकाकडे वळविलें, असें त्यांचें चरित्र सांगतें. ११ मार्च १८८६ रोजीं त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या, आणि त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत त्यांचें निधन झालें. शिकलेल्या विद्येचा उपयोग त्यांना एका दिवसाचाही करतां आला नाहीं.

वाढीसाठीं वय लागतें, तसा सूर्यप्रकाशही लागतो. डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीं काश्मीरमध्यें पाहिलेल्या पडदानशीन स्त्रियांविषयीं १९२८ मध्यें पुस्तक लिहिलें. अंधाऱ्या घरांत कोंडलेल्या त्या स्त्रियांचीं हाडें ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावीं मऊ पडत. वरून कणा आणि दोन बाजूंनीं मांड्यांचीं हाडें दाबीत, आणि श्रोणीची पोकळी तीन बाजूंनीं चेपली जाई. अशी विकृति आतां क्वचित् दिसते. तथापि या जीवनसत्त्वाची उणीव भर उन्हाच्या देशांतील शहरवासीयांत अजून सर्रास आढळते, ही मौजेची नव्हे तर शरमेची गोष्ट आहे.

बाळ बाहेर येतें, पण ताणलेले बंध पूर्ववत् होतातच असें नाहीं. हाडांच्या या कड्याला तळ नाहीं. तो स्नायूंनीं आणि गर्भाशयास बाजूंनीं धरणाऱ्या पट्ट्यांनीं बनलेला असतो. वारंवार व अवघड बाळंतपणें, लगेच उचललेलीं ओझीं, यांमुळें ते पट्टे ढिले पडून अंग बाहेर येऊं लागतें. संकोचापायीं बायका हें वर्षानुवर्षें लपवितात. वृद्ध स्त्रीचा गर्भाशय काढतां येतो. परंतु जिला अजून मूल हवें आहे अशा तरुणीचें काय? या प्रश्नाचें एक उत्तर मुंबईंतून निघालें. १८९९ मध्यें गोमंतकांत जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचें नांव जगभर पसरलें तें गर्भाशयाच्या मुखाला टांका घालून अकालीं गर्भपात टाळण्याच्या, १९५५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शस्त्रक्रियेमुळें. त्यांची दुसरी कल्पना मात्र श्रोणीच्या अभ्यासकाला अधिक मोहवील. घसरणारा गर्भाशय टांगावयाचा, तर खुंटी हवी. आणि अशी खुंटी पोटांत कोठें? त्यांनीं ती त्रिकास्थीच्या पुढें आलेल्या कंगोऱ्यावर शोधली. मणक्यांच्या पुढील बाजूनें जो लांब बंध उतरतो, तो या कंगोऱ्यावर हाडाशीं घट्ट चिकटलेला असतो. मांडीवरील चिवट पडद्याची एक फीत काढून तिचें एक टोक गर्भाशयाच्या मानेस व दुसरें या बंधास शिवावयाचें, अशी ती युक्ति. पुढें त्या फितीच्या जागीं कृत्रिम धाग्याची पट्टीही वापरली गेली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांच्या नांवानें ओळखली जाणारी शस्त्रक्रिया पोटाच्या पुढील भिंतींतील पडद्याच्या पट्ट्या वापरून तोच हेतु साधते. जो बंध लक्षावधि वर्षें मणके बांधीत बसला होता, त्यावर एका डॉक्टरानें नवी जबाबदारी टाकली आणि त्यानें ती पेलली.

शेवटचा प्रसंग रुळांवरचा. मीरा रोड-भाईंदरकडील रहिवाशांना गाडींतून पडण्याचे किंवा रूळ ओलांडतांना होणारे अपघात अपरिचित नाहींत. जोराच्या आघातानें श्रोणि मोडते, आणि कांचेची बांगडी जशी एकाच जागीं फुटून राहत नाहीं, तशी ती बहुधा दोन जागीं उलते: पुढें कोयंड्यापाशीं, मागें त्रिकास्थीच्या सांध्याशीं. कडें पुस्तकासारखें उघडतें. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाहीं. पण मागील बाजूस शिरांचें जें जाळें पसरलेलें आहे, तें फाटून कित्येक लिटर रक्त आंतल्या आंत सांठूं शकतें. भोंवतीं जमलेले लोक, जखम दिसत नाहीं म्हणून, त्या माणसास बसवितात, पाय हलवून पाहतात, चौघे मिळून उचलतात. यांतील एकही गोष्ट करूं नये. त्यास निजलेला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिकेंतील माणसें श्रोणीभोंवतीं रुंद पट्टा आवळतात. पट्टा नसल्यास घडी केलेली चादरही तें काम करते. उघडलेलें कडें मिटलें कीं आंतील पोकळी आकसते, रक्त गोठावयास संधि मिळते, आणि रुग्णालयापर्यंतचा वेळ हातीं येतो. गुडघे एकत्र बांधून पावलें आंतल्या बाजूस वळविलीं जातात, म्हणजे मांड्यांच्या ओढीनें कडें पुन्हां उघडत नाहीं. चादर कोठें बांधावी, येथेंच अनेकदां चूक होते. हात सहज जातो तो विठोबाच्या हातांच्या जागीं, वरच्या धारेवर. तेथें आवळून खालचें कडें उघडेंच राहतें. मांडीच्या वरच्या भागीं, बाहेरच्या बाजूस, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, दोन्हीकडच्या त्या उंचवट्यांच्या रेषेंत चादर आली पाहिजे, आणि गांठ समोर.